म्हाळूबापूंच्या नावापुढचं शून्य

पाटोद्याच्या बसस्थानकासमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं पंख्याचा वारा पोचत नाही, तिथं एक टेबल आहे आणि त्या टेबलाला अंगद देवकते चिकटलेला आहे. चिकटलेला म्हणते, कारण सकाळी नऊला बसला की हलवल्याशिवाय हलत नाही. चहा आला तर पितो. नाही आला तर प्यायलो असं समजतो. टेबलाचं भाडं वेळेवर देतो, तेव्हा माझी तक्रार नाही, पण माझ्या दुकानात बसून कुणी दिवसभर गप्प राहतं हे मला सहन होत नाही.

अंगद सहा फुटी माणसांच्या घरातला. रुंद खांदे, लांब पाय, सगळं बापावर गेलेलं. डोंगर चढायला दिलेले हे पाय तो माझ्या टेबलाखाली दुमडून ठेवतो आणि दर अर्ध्या तासाला गुडघा आपटून घेतो. त्याच्या घरी तीन पिढ्यांच्या मेंढ्या. हा घरातला एकुलता एक, आणि हा करतो पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम. घरी नेट मिळत नाही, माझ्याकडे केबल आली आहे, म्हणून इथं बसतो.

"पर करतो काय?" असं गिऱ्हाइकं मला विचारायची. मी एकदा त्यालाच विचारलं. त्यानं अर्धा तास समजावून सांगितलं आणि मी अर्धा तास मान हलवली. शेवटी मला जे उरलं ते असं.

'कळपनोंद' नावाची मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्यांची एक वेबसाइट आहे. कुणाकडे किती जनावरं, लस कधी दिली, व्याली कोण, हे सगळं तिच्यात लिहायचं. दुसऱ्या राज्यांत ती आधीच चालू होती, आता तिला मराठी बोलायचं होतं. वाक्यं मराठीत लिहिणं सोपं, ते कुणीही करील. अवघड ते मोजणं. यंत्राला आपल्यासारखं आपोआप समजत नाही. एकापुढं काय म्हणायचं आणि पाचापुढं काय, हे नियम करून त्याच्या डोक्यात घालावं लागतं, आणि तो नियम भाषेगणिक वेगळा. नियम घातला नाही तर ते बिनदिक्कत '१ मेंढ्या' लिहून मोकळं होतं. हा नियम घालायचं काम अंगदकडे आलं होतं.

"अरबीत सहा परकार हायेत काकू," तो मला म्हणाला. दिवसभरातलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं. "शून्याला एक, एकाला एक, दोनाला एक, थोड्यांना एक..."

"आन आपल्यात?"

"दोन."

"दोनासाठी तू तीन म्हैने बसलास?"

त्याला राग आला की तो चष्मा पुसतो. त्यानं चष्मा पुसला. मग म्हणाला, नियम दोनच असले तरी मेंढी, शेळी, बोकड, कोकरू, करडू, प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य प्रत्येक आकड्याला तपासून बघावं लागतं, एक चुकलं तर सगळ्या महाराष्ट्रात चुकणार. मी म्हटलं, बरोबर आहे बाबा, आणि झेरॉक्सकडे वळले.

पण बोलून गेलेच. त्या दिवशी दुकानात दोघं-तिघं होते, त्यांना म्हटलं, "बापानं जल्मभर मेंढ्या राखल्या, पोराच्या मागं मेंढ्या नगं म्हनून बीडला शिकायला धाडला, आन पोरगं पदवी घिऊन आलं तर मेंढ्याच मोजतंय. त्या बी न दिसनाऱ्या." हे वाक्य संध्याकाळपर्यंत वडवणीच्या गाडीत बसलं असावं. सगळीकडे झालं, अंगद मेंढ्या मोजतो. मला बोलल्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाक्य चांगलं जमलं होतं.

पण त्याच्या बापाच्या, म्हाळूबापूंच्या, कानावर ते गेलं तेव्हा ती चेष्टा राहिली नाही. त्यांच्या घरात कुणालाही काहीही म्हणा, चोर म्हणा, आळशी म्हणा. मेंढ्या मोजणारा म्हणू नका.

त्यांच्यात मेंढ्या मोजत नाहीत. आता सगळे धनगर तसं पाळतात असं नाही, पण म्हाळूबापू पाळतात. कळप मोजला, आकडा तोंडातून निघाला, की नजर लागते. वाटेत कुणी विचारलं, "बापू, किती हायेत?" तर ते काठीवर हनुवटी टेकवून सांगणार, "हायेत. बिरोबाची किरपा." पन्नास असोत की पाचशे, उत्तर हेच. पण मोजत नाहीत म्हणजे कळत नाही असं समजू नये. संध्याकाळी कळप वाघरीत, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणात, शिरताना ते दाराशी उभे राहतात. शेवटची मेंढी आत गेली की म्हणतात, "बोडकी राहिली," किंवा "भोरीचं कोकरू दिसंना." आणि बोडकी खरंच ओढ्याच्या वर काट्यात अडकलेली असते. त्यांना तोंडं पाठ आहेत, आकड्याची गरज पडत नाही.

अंगद दुसरीत होता तेव्हा शाळेत शंभरपर्यंत शिकून आला आणि हौसेनं वाघरीच्या दाराशी उभा राहून मोठ्यानं मोजायला लागला. सत्तावीस म्हणेपर्यंत सारजाबाईंचा हात पाठीत बसला. सारजाबाई म्हणजे त्याची आई. त्याच आठवड्यात लांडग्यानं दोन मेंढ्या नेल्या. लांडग्याला अंगदचं गणित ऐकू गेलं होतं असं मला वाटत नाही, पण अंगदला वाटलं. तो पोरगा तेव्हापासून गप्प झाला असं सारजाबाई म्हणतात. अट्ठावीस काय ते त्यानं पुढं कॉम्प्युटरलाच सांगितलं असणार.

तर अशा घरातल्या पोराला हे काम आलं. तेही त्यानं मन लावून केलं आणि नेमकी तिथंच माती खाल्ली.

झालं असं की नियम घातल्यावर तो चालतो का हे बघायला खोट्या नोंदी घालाव्या लागतात. त्याला ते सरावाची वही म्हणतात. शून्य मेंढ्यांची एक नोंद, एकीची एक, दोघींची एक, पाचाची, एकवीसची. नावं कुठलीही चालतात. अंगदनं बाकीच्या ओळींना 'चाचणी दोन', 'चाचणी तीन' अशी नावं दिली. पण पहिली ओळ लिहिताना त्याचा हात थांबला. नवं काम बापाच्या नावानं सुरू करायचं, ही म्हाळूबापूंचीच शिकवण. नवी काठी घेतली की पहिल्यांदा आज्याचं, म्हणजे त्यांच्या बापाचं, नाव घेऊन ती जमिनीला टेकवायची, पहिली लोकर कातरली की देवाला आणि मग बापाला दाखवायची. अंगदनं पहिल्या ओळीत लिहिलं, 'म्हाळू बिरा देवकते'. आणि त्याच्या धंद्याची शिकवण अशी की मोजायला सुरुवात शून्यापासून करायची. दोन्ही शिकवणी त्यानं पाळल्या. ओळ तयार झाली: म्हाळू बिरा देवकते, ० मेंढ्या.

मे महिन्यात पुण्याहून त्याच्या कंपनीच्या संस्कृती मॅडमचा फोन आला की वेबसाइट चालू करा. ही मॅडम सव्वीस वर्षांची आहे, अंगदपेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि तो तिच्याशी फोनवर बोलताना उभा राहतो. घाईघाईत त्यानं सरावाच्या वहीतलं सगळं पुसलं, एक ओळ सोडून. 'चाचणी' असं नाव असलेल्या ओळी पुसायच्या असा हुकूम त्यानं यंत्राला दिला, आणि यंत्रानं तो अक्षरशः पाळला. बापाचं नाव 'चाचणी' नव्हतं. ते खऱ्या वहीत गेलं.

पुढचा आठवडाभर माझ्या दुकानात मेंढी-शेळीवाल्यांची रांग लागली. पावसाळ्याआधीची लस त्या वर्षी कळपनोंदीच्या यादीप्रमाणे मिळणार होती. ज्याच्या नावापुढं जेवढा आकडा तेवढ्या मात्रा, बर्फाच्या डब्यातून मोजून. लोक आकडा सांगायचे, काही जण नजरेच्या भीतीनं पाचानं कमी सांगायचे, मी लिहायचे. म्हाळूबापू आले नाहीत. ते येणार नव्हतेच, आणि त्यांचं नाव आधीच यादीत आहे म्हणून त्यांना बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

शनिवारी पशुदवाखान्याच्या डॉक्टरांनी यादी काढायला सांगितली. मीच छापली. मीच दाराशेजारच्या भिंतीला चिकटवली. अक्षरांच्या क्रमानं लावलेली बत्तीस नावं होती, ती मी चिकटवताना वाचलीही, आणि सव्विसाव्या ओळीला माझे डोळे गेलेच नाहीत असं मी म्हणणार नाही. गेले. मला वाटलं, बापूंनी मेंढ्या विकल्या वाटतं, बोलले नाहीत. आणि मी पुढच्या ओळीला चिकटपट्टी लावली. अंगदच्या चुकीवर मी एवढं हसते, तर ही माझी चूक इथंच सांगून टाकलेली बरी.

कुणीतरी यादीचा फोटो काढला. फोटो मोबाइलवरून फिरत लिंबागणेशला सारजाबाईंच्या भावाकडे गेला. रविवारी दुपारी हा मामा चहापत्ती आणि साखर घेऊन, आपल्याकडे दुखवट्याला जातात तसा, वस्तीवर हजर. वाघर रिकामी. दुपारी ती रिकामीच असते, मेंढ्या चरायला गेलेल्या असतात. पण मामाला फोटो आधी दिसला होता आणि वाघर नंतर, त्यामुळं त्याची खात्रीच पटली. तो जाळीला धरून बसला आणि रडायला लागला.

"अक्का, एवढा भरलेला वाडा आन येक बी न्हाई ऱ्हायली? कावून सांगितलं न्हाई मला?"

सारजाबाई भाकरी टाकत होत्या. "आरं, रानात हायेत!" त्या म्हणाल्या. "सांजच्याला येतील. तू आधी पानी पी."

मामा पाणी प्यायला तयार नव्हता. त्यानं खिशातून मोबाइल काढून फोटो दाखवला. सारजाबाईंना वाचता येत नाही, पण शून्य येतं. चुलीवरची भाकरी करपली.

संध्याकाळी म्हाळूबापू कळप घेऊन आले तेव्हा मामा अजून तिथंच होता, आणि एवढं रडल्यावर आता मेंढ्या समोर बघून त्याला काय करावं कळेना. चहापत्ती परत न्यावी की ठेवावी, हाही प्रश्न होता. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. वाघरीच्या दाराशी उभं राहून त्यांनी एकेक तोंड आत जाताना पाहिलं.

सोमवारी सकाळी ते दुकानात आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. वस्तीपासून सात किलोमीटर चालत आले होते. पायरीच्या वर चढले नाहीत. अंगद त्यांना बघून उठला आणि गुडघा टेबलाला आपटला.

"ताई," बापू भिंतीवरच्या यादीकडे काठी करून मला म्हणाले, "ती वळ वाचा."

मला खोटं बोलता आलं असतं. मी वाचली. शून्यापाशी माझा आवाज खाली गेला.

"कुनी लिवली?"

अंगद म्हणाला, "म्या लिवली बा. चुकून ऱ्हायली. पहिल्या वळीत तुमचं नाव घ्यावं म्हनून..."

"माझं नाव घेतलंस आन म्होरं शून्य लिवलंस." बापूंचा आवाज चढला नव्हता, तेच मला जड गेलं. "बरं केलंस. आता पोरं किती म्हनून खाना आसंल कुठं, तर तिथं बी शून्यच लिव."

ते वळले आणि चालायला लागले. वडवणीची गाडी समोरच उभी होती, वाटेतला फाटा त्यांच्याच वस्तीचा, तरी तिच्यात बसले नाहीत.

अंगद खाली बसला. चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरून राहिला. एवढा दांडगा पोरगा असा मिटून बसलेला बघून मला भरून आलं. मी त्याच्यासाठी चहा सांगितला.

आता चूक दुरुस्त करणं दोन मिनिटांचं काम, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं. पण शून्य खोडून लिहायचं काय? ओळच काढून टाकली तर बापूंचं नाव यादीतून जाणार, आणि गुरुवारी टोचायची लस मिळणार नाही. डॉक्टर बीडहून मात्रा मागवणार होते मंगळवारी. पावसाळ्यात चिखलातला नवा चारा खाऊन मेंढ्यांना पोटाचा रोग होतो, संध्याकाळी चरून आलेली मेंढी सकाळी आडवी पडलेली असते. दोन वर्षांपूर्वी लस चुकली तेव्हा बापूंच्या किती गेल्या ते त्यांनी सांगितलं नाही, पण सारजाबाई महिनाभर बाजाराला आल्या नव्हत्या. म्हणजे मंगळवारच्या आत आकडा हवा होता. आणि आकडा कुणालाच माहीत नव्हता. अंगदलाही नाही. सत्तावीसच्या पुढं तो कधी गेलाच नव्हता.

"अंदाजानं घाल की," मी म्हटलं.

"कमी पडली तर ज्या ऱ्हातील त्या मरतील. जादा मागिवली तर दुसऱ्याची मातीत जाईल." मग चष्मा चढवून म्हणाला, "आन बा नं सांगितल्याबिगर म्या आकडा घातला तर परत कवा तोंड दावू?"

मी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर सज्जन माणूस. म्हणाले, उद्या बारापर्यंत थांबतो, त्याच्या पुढं माझ्या हातात नाही. तेवढं बोलून मी फोन ठेवला आणि माझ्या त्या चांगल्या वाक्याची मला पहिल्यांदा लाज वाटली. मेंढ्या मोजतो. पोराला तेच तर करता येत नव्हतं.

त्या दिवशी अंगद दुपारीच वस्तीवर गेला. तिथं काय झालं ते मला सारजाबाईंकडून कळलं. बाप ओट्यावर, पोरगं निंबाखाली, मध्ये सारजाबाई, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. शेवटी सारजाबाईंनी लसीचं सगळं एका दमात सांगितलं. बापू म्हणाले, "आमी आकडा बोलनार न्हाई." सारजाबाई म्हणाल्या, "नगा बोलू. बोला म्हनलं कुनी?"

त्या उठून ओढ्यावर गेल्या आणि पदरात खडे भरून आणले. मोठे एका ढिगात, बारके एका ढिगात. सांजेला कळप आला तशा त्या वाघरीच्या दाराशी बसल्या. मोठी मेंढी आत गेली की एक मोठा खडा फडक्यात, कोकरू गेलं की एक बारका. तोंडानं आकडा नाही, बोटांवर आकडा नाही. पण कळप एकदम घुसला तर खडे कसे पुरे पडणार? तेव्हा म्हाळूबापू ओट्यावरून उतरले, दाराशी गेले आणि जाळीचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरलं. एका वेळी एकच जाईल एवढंच. शेवटची मेंढी जाईपर्यंत तसेच धरून उभे होते.

मंगळवारी सकाळी सारजाबाई काळ्यापिवळ्या जीपमधून उतरल्या आणि ते गाठोडं माझ्या काउंटरवर धाडकन ठेवलं. काच तडकली असती.

"हे घ्या वनमालाताई. येवढ्या."

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गाठोडं सोडलं, खड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मोजायला बसले. सारजाबाईंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. अंगदनंही. मोठे वेगळे, बारके वेगळे, दोनदा मोजून झाले. सरकारी माणूस एवढ्या निष्ठेनं दगड मोजताना मी दुसऱ्यांदा बघेन असं वाटत नाही. त्यांनी आकडा एका चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे दिला. कळपनोंदीत तो मी भरला, अंगदनं बटण दाबताना स्क्रीनवरच्या आकड्यावर बोटं ठेवली होती. आकडा मला माहीत आहे. सांगणार नाही.

"माय," अंगद म्हणाला, "पर त्या शून्याच्या जागी म्या काय लिवायला पायजे हुतं? दुसऱ्या कुनाचं शून्य येईलच की कवातरी."

सारजाबाईंना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण हे लगेच कळलं. "घरात तांदूळ नसला तर तू न्हाई म्हनतोस का? वाढला म्हनतोस. मेंढ्या न्हाईत असं कुनी लिवतं का? रानात हायेत म्हन."

मराठीत दोनच प्रकार असले तरी हवं तर शून्यासाठी निराळं वाक्य देता येतं, हे अंगदनं मला तेव्हा सांगितलं. त्याला ते तीन महिने माहीत होतं. काय लिहावं हे माहीत नव्हतं. त्यानं त्याच दुपारी ते बदललं आणि संस्कृती मॅडमचा फोन यायची वाट बघत उभाच राहिला.

"अंगद, 'मेंढ्या रानात आहेत' म्हणजे शून्य? माहिती चुकीची नाही का होत?"

"मॅडम, डॉक्टरच्या यादीत शून्यच राहतं. हे फक्त पाळणाऱ्याच्या पानावर दिसतं. त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी मामा रडायला येऊ नये म्हणून."

हा माणूस फोनवर एवढा बोलला. मॅडमनी मामाची गोष्ट पहिल्यापासून ऐकली, हसल्या, आणि राहू दे म्हणाल्या.

गुरुवारी लस टोचली. मात्रा बरोबर पुरल्या. बापू कळप घेऊन आले, अंगद दिवसभर मेंढ्या धरत होता, शर्टाला लोकर आणि लेंड्या. पण बापलेक बोलले नाहीत. एकच झालं. जाताना बापू दुकानात आले, पहिल्यांदाच पायरी चढून आत, थेट मागच्या टेबलापाशी, आणि कोपरीच्या खिशातून एक बारका पांढरा खडा काढून त्यांनी की-बोर्डाशेजारी ठेवला. आदल्या दिवशी चांदी नावाची मेंढी व्याली होती.

तेव्हापासून खडे येतात. दूधवाल्याबरोबर, जीपवाल्याबरोबर, एकदा तर कंडक्टरनं तिकिटाच्या पिशवीतून काढून दिला आणि विचारलं, "हे काय औषध हाय का?" कधी उलटा निरोप येतो, एक मोठा काढून ठेव. अंगद खडा गाठोड्यात टाकतो किंवा काढतो, मोजत मात्र नाही. मोजायला मी. आमच्या सात पिढ्या शेतीत गेल्या, आम्हाला मोजल्यानं काही होत नाही, कमी भरतं तेवढंच. तो चहाला गेला की मी गाठोडं सोडते आणि आकडा भरते. अशा रीतीनं पाटोदा तालुक्यात मेंढ्या मोजायचं काम शेवटी माझ्यावर आलं. बोललेलं असं फिरून येतं.

जुलैत म्हाळूबापू मेंढ्यांच्या विम्याचा अर्ज भरायला आले. अंगद मागं बसलेला, त्याची टकटक चालू. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं.

"मेंढ्या?"

बापूंनी हनुवटीनं मागं दाखवलं. "त्याला ठावं."

पुढचा खाना अपत्यांचा होता. अर्ज बाजूला सारून उद्या भरू म्हणावं असं वाटलं. पण बापू काठीवर हनुवटी टेकून वाट बघत होते, तेव्हा विचारलंच. "बापू... पोरं किती?"

मागची टकटक थांबली.

बापूंनी मागं वळून बघितलं नाही. थोडा वेळ ते रस्त्याकडे बघत राहिले, वाटेत मेंढ्यांचं कुणी विचारल्यावर बघतात तसे.

"हायेत," ते म्हणाले. "बिरोबाची किरपा."

मी खान्यात आकडा घातला. मोठ्यानं वाचला नाही.